जुना गेमिंग पीसी अपग्रेड करताना: आधी मोजा, मग पैसे काढा

गेम अडखळायला लागला की पहिला विचार येतो नव्या ग्राफिक्स कार्डाचा. बऱ्याचदा तो बरोबरही ठरतो. पण सहा-सात वर्षं जुन्या मशीनमध्ये कधी प्रोसेसर दमलेला असतो, कधी रॅम चुकीच्या स्लॉटमध्ये बसलेली असते, तर कधी नुसती धूळ साचलेली असते. अशा वेळी नवं कार्ड बसवून पैसे जातात आणि अडखळणं तसंच राहतं. खर्चात हात आखडता घ्यावा लागणार असेल, तर दोन प्रश्नांची उत्तरं आधी हवीत: मशीन नेमकं कशापाशी अडतंय, आणि आज घेतलेला भाग उद्याच्या नव्या पीसीमध्येही चालेल का?

मशीनची पूर्ण माहिती एका कागदावर उतरवा

सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड ही दोन मोफत साधनं उतरवून घ्या. प्रोसेसरचं पूर्ण नाव, मदरबोर्डचं मॉडेल आणि त्याची रिव्हिजन, बायोसची (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती, रॅमच्या किती पट्ट्या कोणत्या स्लॉटमध्ये आणि किती वेगाने चालतायत, कार्डाची मेमरी, हे सगळं त्यात दिसतं. मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेटही (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, हर्ट्झमध्ये) लिहा. मग पीसी बंद करून वायर काढा, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा आणि कार्डासाठी आत किती मिलिमीटर लांबी मोकळी आहे ते टेपने मोजा.

आता एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीचं) लेबल वाचा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. वर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॅटपेक्षा १२ व्होल्टच्या रांगेतला आकडा महत्त्वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्याच रांगेवर जगतात. समजा पेटीवर ५०० वॅट लिहिलंय, पण १२ व्होल्टला फक्त २५ अँपिअर आहेत, तर कामाचे वॅट झाले ३००. उरलेले कागदावरचे. ८० प्लसचा बिल्ला फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. आतल्या सुट्या भागांचा दर्जा किंवा संरक्षणाची सोय याबद्दल तो काही बोलत नाही.

पीसी एखाद्या कंपनीचा तयार घेतलेला असेल, तर मदरबोर्डाला जाणारी जाड वायर २४ पिनांची आहे का ते पाहा. अशा काही मशीनमध्ये एसएमपीएस आणि बोर्ड दोन्ही वेगळ्याच मापाचे असतात. तसं असेल तर अपग्रेडची मर्यादा तिथेच ठरते आणि योजना लहान ठेवावी लागते.

फुकट मिळणारा वेग आधी घ्या

धूळ काढा. हवेचा झोत मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट चार-पाच वर्षांची असेल तर बदला. मग एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं साधन) चालू ठेवून अर्धा तास गेम खेळा. प्रोसेसरचं तापमान नव्वदीच्या पुढे जाऊन त्याचा क्लॉक (कामाचा वेग) खाली येत असेल, तर तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतोय. नवा प्रोसेसर घेण्याआधी बरा कूलर लावून बघा.

यानंतर रॅम. ३२०० वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग) सुरू केल्याशिवाय २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. अनेकांची वर्षानुवर्षं तशीच चालते आणि त्यांना पत्ताही नसतो. एएमडीच्या पहिल्या पिढीच्या रायझेन प्रोसेसरवर ३२०० स्थिर राहिलं नाही तर २९३३ वर आणून पाहा. पट्ट्या दोन असतील आणि स्लॉट चार, तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. शेजारी-शेजारी लावल्या तर ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी डेटा जाणं) मिळत नाही, आणि त्याचा फटका प्रोसेसरवर अडणाऱ्या गेममध्ये सहज जाणवतो.

आणखी दोन गोष्टी. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असूनही विंडोजमध्ये तो ६० वर ठेवलेला आहे का? आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की चुकून मदरबोर्डाच्या पोर्टात?

अडतंय कुठे, ते मोजा

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर लावा. खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वापर, रॅम, सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) आणि १ टक्का लो एवढं दिसू द्या. १ टक्का लो म्हणजे सगळ्यात संथ फ्रेमचा हिशोब. सरासरी ७० असून हा आकडा २५ असेल, तर डोळ्यांना गेम अडखळताच वाटणार. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) आणि फ्रेम मर्यादा मोजताना बंद ठेवा, नाहीतर कार्ड मुद्दाम थांबलेलं असतं आणि आकडे फसवतात.

तुमच्या नेहमीच्या गेममधली सगळ्यात जड जागा निवडा: गर्दीचा चौक, मोठी लढाई, वेगात गाडी चालवण्याचा भाग. सेव्ह करून ठेवा म्हणजे दरवेळी तोच प्रसंग मिळेल. दोन-तीन फेऱ्या घ्या आणि आकडे लिहून ठेवा.

कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच अडवतंय. तो ६०-७० वर घुटमळत असेल आणि एफपीएसही कमी असेल, तर संशय प्रोसेसरवर. इथे प्रोसेसरचा एकूण टक्का बघून निर्णय घेऊ नका. १२ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एक-दोन थ्रेडवरच चालतं, त्यामुळे एकूण वापर ४० टक्के दिसत असतानाही प्रोसेसरची दमछाक झालेली असू शकते.

खात्री करायची सोपी चाचणी आहे. त्याच जागी रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. बाकी काहीच बदलू नका. समजा ५२ एफपीएसचे ८० झाले, तर कार्ड अडवत होतं. ५२ चे ५४ झाले, तर कार्डावरचं ओझं काढूनही काही हललं नाही, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम. हीच चाचणी दोन-तीन वेगळ्या गेमवर करा. एकाच मशीनवर एका गेममध्ये कार्ड आणि दुसऱ्यात प्रोसेसर अडवतो, आणि तुम्ही कोणता गेम जास्त खेळता यावर खर्चाची दिशा ठरते.

कार्डाची मेमरी काठोकाठ भरली असेल आणि वळताना झटके बसत असतील, तर टेक्स्चरचा दर्जा एक पायरी उतरवा. झटके गेले तर कारण सापडलं. ८ जीबी रॅम भरून विंडोज डिस्कवर लिहायला लागलं तरी असेच झटके बसतात, पण तेव्हा डिस्कचा वापर वर गेलेला दिसतो.

मॉनिटर बघून ध्येय ठरवा

६० हर्ट्झच्या मॉनिटरवर तुमचे गेम आधीच स्थिर ६० देत असतील, तर महागड्या कार्डाचा फायदा डोळ्यांपर्यंत पोचणारच नाही. १०८०पीमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीमध्ये ३६.९ लाख आणि ४केमध्ये ८२.९ लाख. म्हणून कमी बजेटमध्ये मी १०८०पीवरच राहायला सांगेन. तिथे मधल्या फळीतलं कार्ड समाधानाने खेळवतं, आणि डीएलएसएस किंवा एफएसआरची (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणाऱ्या तंत्रांची) मदत घेतली की त्याचं आयुष्य आणखी वाढतं. एफएसआरच्या २ आणि ३ या आवृत्त्या जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालतात, त्यामुळे खर्चाआधी त्याही लावून पाहा.

एसएसडी आणि रॅम

गेम अजून हार्ड डिस्कवर असतील तर दुसरं काहीही घेण्याआधी एसएसडी घ्या. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण दीडशे एमबी वाचते, जुन्या साटा जोडणीचा एसएसडी ५५० पर्यंत, आणि तिसऱ्या पिढीचा एनव्हीएमई (त्याहून वेगवान जोडणीचा एसएसडी) साडेतीन हजारपर्यंत. गेम लोड होताना शेवटच्या दोघांतला फरक मात्र आकड्यांइतका मोठा जाणवत नाही. तरी बोर्डावर एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची जागा) असेल तर एनव्हीएमईच घ्या, कारण तो पुढच्या मशीनमध्ये तसाच जाईल. बोर्डाचं मॅन्युअल वाचून घ्या: काही स्लॉट फक्त साटा प्रकारचा एम.२ घेतात, आणि काही ठिकाणी एम.२ भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात.

रॅम १६ जीबी हा आजचा तळ समजा. ८ची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडा. २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, त्यामुळे हातातली चांगली डीडीआर४ आता किमती वस्तू आहे. ती वापरात ठेवणारी योजना सोडून देण्याआधी दोनदा हिशोब करा.

प्रोसेसर: त्याच बोर्डावर किती वर जाता येतं?

या बाबतीत सगळ्यात नशीबवान आहेत एएमडीच्या एएम४ सॉकेटवाले (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा). २०१७ च्या बी३५० बोर्डावर रायझेन ५ १६०० असेल, तर नव्या बायोससह त्याच बोर्डावर रायझेन ५ ५६०० बसू शकतो. कोर तेवढेच, सहा. पण प्रत्येक कोर कितीतरी वेगवान, आणि एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबीची ३२ एमबी. शिवाय तो ६५ वॅट गटातला असल्याने जुन्या बोर्डाच्या वीज पुरवठ्यावर ताण येत नाही. ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी चांगल्या स्थितीत मिळाला तर ९६ एमबी कॅशमुळे १ टक्का लो आणखी सुधारतो. ५८००एक्स३डी १०५ वॅटचा आहे आणि पेटीत कूलर येत नाही, तो खर्च आधीच धरा.

इंटेलवाल्यांचं गणित वेगळं आहे. सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींचा सॉकेट एलजीए ११५१ असला तरी अधिकृतपणे त्या एकमेकांच्या बोर्डावर चालत नाहीत. आय५-६५०० असेल तर फार तर आय७-६७०० किंवा ७७०० पर्यंत जाता येतं: चार कोर, आठ थ्रेड. आज त्यासाठी पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सेकंडहँड बाजारात हे आय७ त्यांच्या ताकदीच्या मानाने महाग असतात आणि त्यांच्यापुढे रस्ता नाही. ३०० मालिकेच्या बोर्डावर आय५-८४०० असेल तर आय७-९७०० विचारात घेता येतो. एलजीए १७०० वर (बारावी ते चौदावी पिढी) आय३-१२१०० असेल तर आय५-१२४०० किंवा १३४०० ही सरळ उडी आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीचे जुने आय७-आय९ मात्र जपून. त्यांच्यात जादा व्होल्टेजमुळे अस्थिरतेची समस्या आली होती, तिच्यासाठी २०२४ मध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) बदल आले आणि इंटेलने वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. बायोस अद्ययावत न करता वापरलेला नग आधीच झिजलेला असू शकतो.

कुठलाही प्रोसेसर घेण्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरची प्रोसेसरची यादी उघडा. त्यात प्रोसेसरच्या नावापुढे किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. हे बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच चढवायचं. नवा बसवून मग अपडेट करू म्हटलं, तर स्क्रीनच येणार नाही.

ग्राफिक्स कार्ड

चाचणीत कार्डच अडवतंय असं निघालं, तर सगळ्यात मोठा वाटा इकडे. पण जुन्या बोर्डासाठी कार्ड निवडताना एक बाब दुकानदार सहसा सांगत नाही: कार्ड बोर्डाशी किती लेनने (डेटाच्या मार्गिकांनी) बोलतं. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी कार्ड १६ लेन वापरतं. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठच वापरतात. पीसीआय एक्स्प्रेस ३ च्या जुन्या बोर्डावर आठ लेनचा तोटा एरवी किरकोळ असतो, पण कार्डाची ८ जीबी मेमरी भरली आणि डेटा रॅममधून यायला लागला की तो एकदम वाढतो. आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेन वापरतं आणि त्याची मेमरी ४ जीबी आहे. जुन्या बोर्डासाठी ते घेऊच नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

आरटीएक्स ३०६० मध्येही दोन प्रकार आहेत. ८ जीबीच्या प्रकारात फक्त मेमरी कमी नाही, मेमरीची बसही (डेटाचा रस्ता) अरुंद आहे. पेटीवरचा आकडा वाचून घ्या.

इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबी मेमरीचं कार्ड किमतीच्या मानाने मोह पाडतं. पण आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी बायोसमधली सोय) लागतोच, तो नसेल तर वेग वाईट पडतो. शिवाय प्रोसेसर कमकुवत असेल तर ते नीट फुलत नाही. म्हणजे जुन्या मशीनवाल्यांनीच त्यापासून लांब राहावं.

जीटीएक्स १०६० किंवा १०८० बाळगणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. एनव्हिडियाने या पिढीसाठी नवनव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. पुढे फक्त सुरक्षेचे बदल येतात. २०२४ पासून असेही काही मोठे गेम येऊ लागलेत जे हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करणारी सोय) नसलेल्या कार्डावर चालत नाहीत. तुम्ही जुने किंवा स्पर्धात्मक गेम खेळत असाल तर घाई नाही. नवे खेळायचे असतील तर मात्र हे कार्ड बदलावंच लागेल.

एसएमपीएसमध्ये काटकसर नको

स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या जोडणीतून आणखी ७५, ८ पिनमधून १५०. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरएक्स ६६०० ला १३२, आरटीएक्स ३०६० ला १७०. रायझेन ५६०० आणि ४०६० च्या जोडीला बाकी सगळं धरून अडीचशे वॅटच्या आसपास पुरतात. म्हणजे चांगल्या दर्जाचा ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा आहे, आणि ५५० किंवा ६५० घेतला तर पुढच्या कार्डाचीही सोय होते. सुमार दर्जाच्या ७५० पेक्षा हा केव्हाही बरा. आठ-दहा वर्षांचा असेल तर बदलाच. आणि हा एक भाग सेकंडहँड घेऊ नका.

मॉड्युलर एसएमपीएस बदलताना जुन्या केबल तशाच ठेवायचा मोह होतो, कारण त्या बांधून-गुंफून ठेवलेल्या असतात. ते कधीही करू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही वेगळी असते. केबल आत बसते, वीज मात्र चुकीच्या तारेतून जाते, आणि बटण दाबताच एसएसडी, हार्ड डिस्क किंवा बोर्ड जळतो.

कुठे थांबायचं

एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड हे सगळं पुढच्या पीसीमध्ये सोबत येतं. जुना बोर्ड, त्याचा प्रोसेसर आणि बहुतेकदा रॅम मागे राहतात, कारण २०२२ मध्ये आलेला एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ घेतो. म्हणून मागे राहणाऱ्या भागांवर किती घालायचं याची रेघ आधीच ओढा. माझा हिशोब असा: जुन्या बोर्डासाठीचा प्रोसेसर आणि रॅम यांचा खर्च नव्या बोर्ड-प्रोसेसर-रॅमच्या निम्म्यापेक्षा वर जात असेल, तर तो करू नये. तेवढ्या पैशांत सोबत येणारा भाग घ्या आणि उरलेलं बाजूला टाका. मधला मार्गही आहे: एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, त्यामुळे आय५-६५०० वाल्याला आपली डीडीआर४ रॅम पुढे नेता येते.

विंडोजचाही विचार करा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय), सिक्युअर बूट आणि साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझेन २००० मालिका लागते. रायझेन १६०० काढून ५६०० घातला की हाही प्रश्न सुटतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेलवर तो तसाच राहतो.

सेकंडहँड घेताना

कार्ड चालू अवस्थेत, समोर बसून पाहा. जीपीयू-झेड उघडा, नाव बदललेलं बनावट कार्ड बऱ्याचदा त्यात पकडलं जातं. पंधरा-वीस मिनिटं जड गेम किंवा ओसीसीटी या साधनाची ताण देणारी चाचणी चालवा, पंख्यांचा आवाज ऐका, स्क्रीनवर ठिपके किंवा रंगीत चौकोन येतात का ते बघा. एएम४ प्रोसेसर घेताना तिरक्या प्रकाशात धरून पिनांच्या ओळी सरळ आहेत का ते तपासा. एक जरी वाकलेली दिसली तरी सोडून द्या.

बसवण्याचा दिवस

बायोस अपडेट किंवा प्रोसेसर बदलण्याआधी ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद ठेवणारं साधन) चालू आहे का ते तपासा. असेल तर ते तात्पुरतं थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. प्रोसेसर बदलला की टीपीएमची माहितीही बदलते, मग विंडोज ही की मागतं, आणि ती नसेल तर सगळा डेटा कुलूपबंद होतो. बोर्डच बदलणार असाल तर विंडोजचा परवाना आधी मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा.

एएम४ वरचा कूलर काढण्याआधी वीस मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मग पीसी बंद करा, वायर काढा, स्क्रू सोडा, आणि कूलर लगेच वर न ओढता हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे पिळा. पकड सुटल्यासारखं हाताला जाणवलं की मगच उचला. सुकलेली पेस्ट डिंकासारखी धरून ठेवते, आणि सरळ ओढलं तर बंद सॉकेटमधून प्रोसेसरही कूलरला चिकटून बाहेर येतो, पिनांसकट.

कार्डाची कंपनी बदलत असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू चालवून जुना ड्रायव्हर पूर्ण काढा. कार्ड प्रोसेसरजवळच्या पहिल्या लांब स्लॉटमध्येच बसवा. खालचा दिसायला तेवढाच लांब असला तरी आत बऱ्याचदा चारच लेनचा असतो. बायोस अपडेटनंतर एक्सएमपी बंद झालेलं असतं, ते पुन्हा सुरू करा.

मग तोच सेव्ह उघडा, त्याच जागी त्याच सेटिंगवर मोजा आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. फरक अपेक्षेपेक्षा कमी असेल तर केबल कोणत्या पोर्टात आहे, रॅमचा वेग किती दिसतोय आणि जीपीयू-झेडमध्ये किती लेन दिसतायत, हे याच क्रमाने तपासा. लेन बघताना गेम चालू असू द्या, कारण रिकामं बसलेलं कार्ड वीज वाचवायला जोडणीचा वेग उतरवतं. जुना भाग पहिला आठवडाभर विकू नका. नव्यात दोष निघाला तर तोच परत बसवून कुठे बिघडलंय ते शोधता येतं.